दुसरा डबा

ज्याच्या स्वतःच्या अंगणातलं गवत पोटरीपर्यंत आलेलं असतं, त्याने शेजाऱ्याचं गवत कापायला जाऊ नये. हे मला आता कळतं. त्या शनिवारी कळलं नाही, कारण मोअर नवा होता.

ऑकलंडच्या दक्षिणेला असलेल्या हॅमिल्टनमधलं आमचं घर आणि पलीकडचं घर यांच्यात कुंपण अर्धंच होतं. मागच्या बाजूला लाकडी फळ्या, आणि पुढे रस्त्याकडे आलं की नुसती गवताची पट्टी. ती कुणाची हे दोन्ही घरांनी कधी विचारलं नव्हतं. पलीकडे एक चिनी कुटुंब राहायचं. नवरा, बायको, त्यांची छोटी मुलगी, आणि २०१६ च्या त्या वसंताआधी काही महिने चीनहून आलेले नवऱ्याचे वडील. नवरा दुधाच्या एका कंपनीत पावडरीवर संशोधन करायचा. मी दुधाच्याच दुसऱ्या एका कंपनीत संगणकावर बसायचो. हॅमिल्टनमध्ये कुणीही कितीही शिकलेला असला तरी शेवटी गायीच्याच जिवावर जगतो.

तर मी आपली पट्टी कापली आणि उदार मनाने पुढे सरकलो. पलीकडच्या भिंतीलगत दाट, सरळ, काळपट हिरवं गवत होतं. चांगलं पोसलेलं. एक पट्टा मारला आणि हवेत लसणाचा असा वास उठला, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने विचारलं, "आज फोडणी तू बाहेर करतोयस का?"

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि आजोबा बाहेर आले. पायात मुलाच्या मापाचे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अंगात घरी विणलेला स्वेटर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मोअरकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मला चिनी भाषेतला एकच शब्द येत होता, तो म्हणजे नमस्कार. मी तो केला. वेळ चुकीची होती.

आजोबांनी खाली वाकून एक चुरगळलेलं पान उचललं आणि माझ्या नाकाशी धरलं. ती लसणाच्या पातीसारखी त्यांची भाजी होती. तिकडून येताना बी आणून, इथल्या थंडीत जपून, त्यांनी ती वाढवली होती आणि मी ती मिनिटभरात साफ केली होती. मी हात जोडले. ते हसले. उरलेल्या बुंध्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि हळूच वर वर नेलं. परत येते, असं त्यांचं म्हणणं. मग मोअरची पिशवी माझ्याच हातात धरायला देऊन त्यांनी तिच्यातली बरी पानं वेचून घेतली.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले ते दोन डबे घेऊन. एक मोठा, लाल झाकणाचा. एक लहान, निळ्या झाकणाचा. दोन्हींत मोदकाच्या लांबच्या चुलतभावासारखे उकडलेले डम्पलिंग, आत तीच पात आणि अंडं. लाल डब्यातले चांगले झणझणीत. निळ्यातले लहान, मऊ, तिखट अजिबात नाही. बायको म्हणाली, बघ, आपल्या लेकीचा वेगळा विचार केलाय त्यांनी. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिला तिखटच आवडायचं. त्यामुळे निळा डबा माझ्या वाट्याला आला. थोडा लालही आला.

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. बायकोने हा नियम पुण्याहून इथे आणला, तो एअरपोर्टवर कुणी जप्त केला नाही. तिने लाल डब्यात चिवडा भरला, निळ्यात बेसनाचे लाडू, कारण लाडू त्यात नेमके बसत होते. डबे नेऊन देताना मी पुन्हा एकदा नमस्कार केला, या वेळी योग्य वेळी. आजोबांनी निळा डबा उघडून पाहिला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बेसनाची कीर्ती चीनपर्यंत गेलेली दिसते.

तेव्हापासून हे सुरू झालं. पात वाढली की आजोबा कापायचे, आणि कापली की दोन डबे यायचे. तिकडून दोन आले की इकडून दोन जायचे. डबे देऊन परत फिरताना आजोबा आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीकडे तोंड करून थांबायचे, मान लववायचे, कधी हात वर करायचे. त्या खोलीत आमचा चालण्याच्या व्यायामाचा पट्टा, म्हणजे ट्रेडमिल, होता आणि त्याचा वापर होत नसल्याच्या लाजेने मी पडदा कायम ओढून ठेवायचो. आजोबा पडद्याला काय करताहेत हे मला कळेना. चिनी म्हातारी माणसं बागेत सावकाश हातवारे करून व्यायाम करतात हे पाहिलं होतं. तसंच काही असेल, असं मी ठरवलं. मीसुद्धा एकदा त्यांच्या शेजारी उभं राहून माझ्याच खिडकीला मान लववली. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

मग आम्ही तळ्याकाठी फिरायला जायला लागलो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मग उगाच इंग्रजीचे कष्ट कशाला, म्हणून मी मराठीत बोलायचो. ते चिनीत उत्तर द्यायचे. आमच्यात कधीही मतभेद झाला नाही.

त्यांची माहिती मला मुलाकडून कळायची, कधी कुंपणापाशी, कधी बार्बेक्यूच्या धुरात. आजोबा उत्तरेकडच्या एका थंड गावचे. जन्म मातीच्या घरात. तरुणपणी गावात लेथ मशीन बनवणारा मोठा कारखाना आला आणि ते त्यात लागले. मग सगळं कारखान्याचं. राहायला लाल विटांच्या चाळीतली खोली कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, मुलाची शाळा कारखान्याची, आंघोळीचं गरम पाणीसुद्धा कारखान्याचं. पुढे एके दिवशी कारखानाच बंद झाला. मग आजूबाजूला काचेचे मनोरे उठले, आणि भाजीवालीला पालकाचे पैसेही फोन दाखवून द्यावे लागायला लागले. एवढं सगळं होईपर्यंत आजोबांनी गाव एकदाही सोडलं नव्हतं. गावच त्यांच्या पायाखालून सरकत गेलं. त्यांची बायको वारली तेव्हा मुलाने त्यांना इथे आणलं. सहा महिन्यांसाठी, असं सांगून.

त्या लाल विटांच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात असायची. फिरताना बाकावर बसलो की ते ती काढून बोटांत फिरवायचे. रविवारी त्यांच्या घरामागच्या लाकडी डेकवर बसून ते गावच्या एका मित्राशी फोनवर व्हिडिओ लावून बोलायचे. कारखान्यातला जुना सोबती. सुरुवातीला मी पाहिलं तेव्हा तो मित्र चाळीच्या दारातल्या झाडाखाली बसलेला होता, पुढ्यात बुद्धिबळासारखा त्यांचा पट. पुढे आमच्याकडे हिवाळा आला, म्हणजे तिकडे उन्हाळा, तरी तो मित्र घरातच बसलेला असायचा. मागे नुसती पांढरी भिंत. गुडघे दुखतात म्हणून तो खाली उतरत नाही, असं मुलाने मला सांगितलं.

त्याच हिवाळ्यात आजोबा तब्येतीने उतरले. सहा महिने कधीच उलटून गेले होते, मुलाने मुक्काम वाढवला होता आणि परत कधी जायचं याचं उत्तर दर वेळी पुढे ढकललं जात होतं. आजोबांनी फिरायला येणं बंद केलं. गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढून आत एका बुटक्या स्टुलावर बसायचे, गाडीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. स्वेटर अंगावर लोंबायला लागला. पातही थंडीने मेली होती. डबे थांबले.

मी मुलाला म्हटलं, डॉक्टरला दाखव. तो अगदी नम्रपणे म्हणाला, तसं काही नाही, त्यांच्या नसा जरा कमकुवत आहेत, आणि ते विचार फार करतात. मी अजून थोडा जोर केला तेव्हा तो म्हणाला, आमच्यात त्या प्रकारच्या डॉक्टरकडे जात नाहीत, नातेवाईकांना कळलं तर ते वडिलांकडे नाही, माझ्याकडे बोट दाखवतील. आमच्याकडे तरी वेगळं काय? माझी एक मावशी नवरा गेल्यावर कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि आम्ही सगळे तिला पित्त आहे असं म्हणायचो. पित्ताला कोकम सरबत देता येतं. दुःखाला काय देणार?

मुलाचेही डोळे खोल गेलेले दिसायचे. एकुलता एक. एक दिवस संकोचाने त्याने विचारलं, तू शुक्रवारी घरून काम करतोस, दुपारी जरा त्यांच्याजवळ बसशील का? त्याने माझ्या फोनवर भाषांतराचं ॲप टाकून दिलं. आपण बोलायचं, मग आतली बाई ते चिनीत सांगायची, अगदी रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखं. असे आमचे शुक्रवार सुरू झाले. आजोबा पोटाबद्दल बोलायचे, छातीबद्दल बोलायचे. इथे दगड आहे, असं म्हणून छातीवर मूठ ठेवायचे. मनाचं नाव कधी निघालं नाही. बाई हा सगळा दगड मला सपाट आवाजात सांगायची.

पुढच्या वसंतात पात पुन्हा उगवली. एका शुक्रवारी आजोबा स्वतः कुंपणाला वळसा घालून आमच्या दारात आले. हातात दोन डबे, लाल आणि निळा. दाढी केलेली. माझ्या शुक्रवारांचा गुण आला, असं मी बायकोला लगेच फोन करून सांगितलं. ती तिच्या लॅबमध्ये कामात होती. म्हणाली, ऊन पडलंय म्हणून असेल.

एवढा आनंद झाल्यावर मी जे सगळ्या पाहुण्यांना करतो ते आजोबांना केलं. उपग्रहाच्या नकाशावर कोथरूडचं आमचं घर दाखवलं. हा माझा छंद आहे आणि आमच्याकडे जेवायला येणारे लोक त्याला घाबरून असतात. आधी गोल पृथ्वी, मग झपकन खाली, मग पुणे, मग आमची सोसायटी. ही गच्चीवरची पाण्याची टाकी, हा आंबा, ही आईची गॅलरी. आई तिथेच असते, धाकट्या भावाकडे, आणि रविवारी व्हिडिओवर भेटते. सोसायटी पाडून नवी बांधायची बोलणी चालू आहेत असं भाऊ कधीपासून म्हणतो, पण अजून काही ठरलेलं नाही. मी आजोबांना हे सगळं मराठीतच सांगितलं. बाईला मध्ये घेतलं नाही.

आजोबांनी स्क्रीनकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. माझं दाखव.

त्यांनी माझ्या फोनवर बोटाने गावाचं नाव लिहिलं. मी नकाशा तिकडे नेला. पृथ्वी फिरली, आजोबा पुढे सरकून बसले. नदी सापडली, तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. नदीवरून रेल्वेचा पूल. पुलावरून बोट डावीकडे, मग सरळ, मग थांबलं. ते जिथे थांबलं तिथे काही नव्हतं. तपकिरी जमिनीचा एक चौकोन, कडेने निळ्या पत्र्यांचं कुंपण, आणि आत दोन क्रेनच्या लांब सावल्या. आजोबांनी बोट मागे पुलावर नेलं आणि पुन्हा त्याच वाटेने आणलं. पुन्हा तिथेच. त्यांनी खिशातून किल्ली काढली, पाहिली, परत ठेवली.

काहीतरी बोलणं भाग होतं. मी फोनमध्ये म्हटलं, "हे चित्र जुनं आहे. काळजी करू नका."

बाईने ते सांगितलं. आजोबा फोनकडे झुकून सावकाश बोलले, आणि बाईने तिच्या स्टेशनवरच्या आवाजात मला ऐकवलं, "जुनं असतं तर घर दिसलं असतं."

आजोबा उठले. मला वाटलं निघाले. पण ते मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत उभे राहिले आणि पुन्हा फोनमध्ये बोलले. बाई म्हणाली, "तुमचे आई-वडील आत आहेत. त्यांना हे माहीत होतं का?"

मला वाटलं ॲप बिघडलं. मी म्हटलं, कोण आई-वडील? आजोबांनी उत्तर दिलं आणि बाईने ते तुकड्यातुकड्याने सांगितलं. मुलाने त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की शेजारच्या भारतीयाने तिकडचं घर मोडून आई-वडिलांना कायमचं इथे आणलंय. ते म्हातारे आहेत, लोकांत मिसळत नाहीत, मागच्या खोलीत असतात, पण मजेत आहेत. परत जायचं नावही काढत नाहीत.

त्यांना दात नसतील म्हणून निळ्या डब्यातले डम्पलिंग मऊ असायचे. आणि तिखट नसायचे.

मी दार उघडलं. आत पट्टा होता, त्याच्यावर वाळत घातलेले टॉवेल होते. मी सांगितलं, माझे वडील मी इथे यायच्या आधीच गेले. आई पुण्यात आहे, तिला इथे यायचंच नाही. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, मग निळ्या डब्यातून लाडू कोण पाठवायचं?

मी म्हटलं, बायको. रिकामा डबा आम्ही परत देत नाही.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. माणूस पकडला गेल्यावर जी कारणं देतो, ती आपण ज्या चेहऱ्याने ऐकतो, तो चेहरा. दर खेपेला तिकडून एक डबा म्हाताऱ्यांसाठी गेला होता, आणि दर खेपेला म्हाताऱ्यांकडून मऊ लाडवांचं उत्तर आलं होतं. वर मी खिडकीसमोर उभा राहून त्यांच्या बरोबरीने मान लववली होती. मी या कटात नव्हतो यावर कोण विश्वास ठेवेल? मी स्वतः ठेवला नसता. ते कुंपणाच्या बाजूने न जाता रस्त्यावरून वळसा घालून घरी गेले. डबे आमच्या टेबलावर राहिले.

संध्याकाळी मुलगा आला. आत येऊन न बसता उभ्यानेच म्हणाला, "तू काय केलंस? इतके दिवस आम्ही त्यांना सांभाळलं होतं."

मला राग आला होता. मला राग येतो तेव्हा माझं इंग्रजी बिघडतं, तरी मी विचारलं, "सांभाळलं होतं? माझ्या मेलेल्या बापाला तू माझ्या घरात ठेवलंस, आणि मला सांगितलंही नाहीस."

बायकोने त्याला खुर्ची दिली. तेव्हा तो बसला आणि मग सगळं निघालं. चाळ पाडायचं कधीच ठरलं होतं. वडिलांना इथे आणलं तेच त्यासाठी, त्यांच्या डोळ्यांदेखत पडू नये म्हणून. कंपनीच्या कामाने चीनला गेला होता तेव्हा तोच जाऊन सह्या करून आला होता. झाडाखाली बसणाऱ्या मित्रालाही त्यानेच विनवलं होतं. झाड तोडल्यापासून मित्र भिंतीला पाठ लावून बसत होता आणि गुडघ्यांचं सांगत होता.

माझी बायको म्हणाली, सांगून टाकायचं होतं एकदा, रडले असते, मोकळे झाले असते.

तो म्हणाला, "मी त्यांना एकदा पाहिलंय. तुम्ही नाही पाहिलं."

कारखाना बंद व्हायच्या आधी एकेक खातं बंद होत गेलं, तेव्हा तो शाळेत होता. वडिलांचं खातं आधीच गेल्याचं घरात त्याला आणि आईला माहीतच नव्हतं. वडील रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत यायचे. दिवसभर ते आणि तो मित्र कारखान्याच्या मागच्या बंद फाटकाजवळच्या झाडाखाली पट मांडून बसायचे. असे किती महिने गेले कुणास ठाऊक. मग एका हिवाळ्यात आईला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून वडील जिन्यात बसले. कामावर जायचं नाटक करायची गरज उरली नव्हती, आणि दुसरं काही करायचं उरलं नव्हतं. तोवर अख्ख्या चाळीत प्रत्येक जिन्यात कुणी ना कुणी बसलेलं असायचं. काही उठले, काही उठलेच नाहीत. त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही. शाळेतून येताना तो वडिलांच्या पायांवरून ओलांडून वर जायचा.

"खोटं बोलणं त्यांनीच मला शिकवलं," तो म्हणाला. "ते खोटं होतं तोवर ते डबा घेऊन चालत तरी होते."

तो गेल्यावर मी फार वेळ बोलत राहिलो. मला वापरलं, माझ्या घराचा वापर झाला, माझ्या आई-वडिलांचा वापर झाला. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं काय वापरलं रे? वापरले ते माझे लाडू."

नंतर मी अनेकदा प्रयत्न केला. फोन घेऊन कुंपणापाशी गेलो, बाईला घेऊन गेलो. आजोबा मला पाहून आत जायचे नाहीत, उलट मान लववायचे, अगदी रीतसर, जशी आमच्या पडद्याला लववायचे तशी. बोलायचे मात्र नाहीत. मुलाशी तर अजिबातच नाही. रविवारचा फोनही बंद झाला. त्यांचं म्हणणं मला समजत होतं. मुलगा, सून, गावचा मित्र, शेजारी, शेजाऱ्याचे नसलेले आई-वडील, एवढे सगळे मिळून एका माणसाला शहाणपण शिकवत होते. मीही फसवला गेलो होतो, पण फसवलेल्यांच्या रांगेत ते मला उभं राहू देईनात.

बायकोच्या लॅबमधल्या एका बाईकडून ऑकलंडच्या एका चिनी बोलणाऱ्या डॉक्टरांचं नाव मिळालं. या वेळी मुलाने नाही म्हटलं नाही. तो वडिलांना गाडीत घालून दर महिन्याला न्यायचा, एक रस्त्याकडे, दुसरा खिडकीबाहेर बघत जात असणार. आजोबा गोळ्या पोटाच्या म्हणून घ्यायचे. थोडा फरक पडला. गॅरेजचं शटर पूर्ण वर राहायला लागलं. पण पात त्यांनी पुन्हा कापली नाही. ती उंच वाढली, तिला उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांचे झुबके आले. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, हे कुठलं फूल? मी माझा मोअर त्या बाजूला नेला नाही.

फुलं वाळायच्या सुमाराला आजोबा मुलाशी इतक्या दिवसांतलं पहिलं वाक्य बोलले. मला जागा बघायची आहे. मुलगा घेऊन गेला आणि एकटाच परत आला. त्याने सांगितलं, आजोबांनी पत्र्याच्या कुंपणाला एक फेरी मारली, मग त्याच रस्त्यावरच्या एका नव्या मनोऱ्यात खोली भाड्याने घेतली. बाविसाव्या मजल्यावर. खिडकीतून चाळीच्या जागचा खड्डा दिसतो. तो मित्रही आता लिफ्टने वर येतो असं ऐकलं, पण पट मांडतात की नाही हे त्याला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी मुलाने पलीकडचं घर विकलं आणि ते सगळे ऑकलंडला गेले. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा मुलगा कुंपणापाशी आला. मी आजोबांचं विचारलं.

"बरे आहेत म्हणतात," तो म्हणाला. "रोज विचारतो. रोज बरे आहेत म्हणतात. भूक लागते, झोप लागते, डॉक्टरकडे जातो. गोळ्या घेतो." तो जरा हसला. "आता त्यांची पाळी आहे. मी इथून काय करणार? मान हलवतो."

मी त्याला म्हटलं, तुमचे डबे परत द्यायचे राहिलेत. तो म्हणाला, राहू दे. गाडी निघताना त्याच्या मुलीने हात हलवला तो आमच्या मागच्या खिडकीकडे. तिला कुणी काही सांगितलं नसावं.

घरात आलो तर बायको ओट्यापाशी तो निळा डबा पुसत होती. तो स्वच्छच होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी लॅपटॉप उघडला आणि कोथरूड काढलं. पाण्याची टाकी होती. आंबा होता. आईची गॅलरी होती. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि म्हटलं, बघ, आहे सगळं जागच्या जागी.

तिने चष्मा वर करून पाहिलं. मग निळ्या डब्याला झाकण लावलं.

"चित्र कधीचं आहे?" ती म्हणाली. "रविवारी भाऊजींना म्हण, फोन हातात घेऊन जरा गॅलरीत जा. हल्ली आईंच्या मागे नुसती भिंतच दिसते."